शेकरूच्या मुलखात
खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकर चढू पाहणाऱ्यास कड्याला टेकविलेल्या लोखंडी शिड्यांचेच भय अधिक वाटते. परंतु माथ्याजवळच्या घनदाट अरण्यात शिरताच, डोक्यावरच्या फांदीवरून तांबूस पाठीचे, झुपकेदार शेपटीचे शेकरू अकस्मात कर्कश खडखडाट करून दटावू लागते, तेव्हा आपण या मुलखात बिनपरवाना शिरलेले आगंतुक आहोत, याची लख्ख जाणीव होते. १९८५ साली हे अरण्य अभयारण्य म्हणून जाहीर झाले, आणि शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तरीही ध्वनिवर्धक खांद्यावर मिरवीत, वेफर्सचे रिकामे पुडे वाटेवर टाकीत जाणाऱ्या टोळ्या (त्या स्वतःस निसर्गप्रेमी म्हणवितात!) दर पावसाळ्यात येतातच. वनखात्याने पायथ्याशीच चौकी बसवून ते ध्वनिवर्धक जप्त करण्याचा हुकूम काढावा.