देवमासा ‘तो’ की ‘ती’?

दिवाळीच्या आधी पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर मी पुस्तकांची पेटी उघडली. आत रक्तक्षय, पाळी, बालविवाहाचा कायदा यांवरच्या पुस्तिका होत्या, आणि कुणी भेट दिलेली चार-पाच चित्रांची पुस्तके: देवमासा, काजवे, ज्वालामुखी. मुलींना मी सवयीने पुस्तिका वाटल्या. चित्रांची पुस्तके मुलग्यांनी पळवली. मला ते खटकलेसुद्धा नाही, हे आधी कबूल करते.

अकरा वर्षांच्या एका मुलीने भावाच्या हातातून देवमासा काढून घेतला, मोठ्याने वाचू लागली आणि थांबली. ‘‘तो पिल्लाला दूध पाजतो?’’ सगळ्या हसल्या. ‘‘तो न्हाई, ती हाय,’’ तिनेच निकाल दिला. नावात मासा, प्राणी मात्र सस्तन; आणि शब्द पुल्लिंगी म्हणून चित्रातली आई पुस्तकभर ‘तो’ होऊन बसलेली! निळ्या देवमाशात मादी नरापेक्षा मोठी असते. म्हणजे पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी मादीच. तिचे पिल्लू दिवसाला सुमारे २०० लिटर दूध पिते, हे सांगितल्यावर पोरींनी हिशेब घातला: दहा लिटरची गाय धरली तर वीस गाई.

मग त्याच मुलीने विचारले, ‘‘आई खोल पाण्यात गेली की पिल्लाला कोण सांभाळतं?’’ आईबाप फडात गेल्यावर कोपीवर धाकट्याला हीच सांभाळते. पुस्तकात उत्तर नव्हते. मी शोधून पुढच्या खेपेला सांगितले. स्पर्म व्हेल या जातीच्या माद्या पिल्लांसह एकत्र राहतात. एक आई भक्ष्यासाठी खोल बुडी मारते तेव्हा बाकीच्या तिच्या पिल्लाजवळ थांबतात. ती बराच वेळ गप्प होती.

टोळी निघायची वेळ आली तेव्हा तिने ते पुस्तक कारखान्यावर न्यायला मागितले. आमच्यातलेच एकजण म्हणाले, हरवेल. आणि तिला याचा उपयोग काय? हरवेल हे मला पटते. उपयोगाचा प्रश्न मात्र मला बोचला, कारण तो आपल्या सगळ्यांच्या कामात आहे. मैत्रिणींनो, ऊसतोड कामगाराची मुलगी म्हटली की आपल्याला तिचे हिमोग्लोबिन आठवते, तिचे लवकर होणारे लग्न आठवते. ते आठवायलाच हवे, त्या पुस्तिका मी यापुढेही वाटणार आहे. पण तिच्यापुढे आपण सतत धोकेच मांडतो. जग किती अजब आहे हे सांगणारी पुस्तके तिच्या भावासाठी, आणि तिच्यासाठी लोहाच्या गोळ्या? तिच्या शरीराची चौकशी आपण केली. तिला काय जाणून घ्यायचे आहे, हे विचारले का?

किशोरी गटांच्या पुस्तकखर्चातला निम्मा पैसा अशा पुस्तकांवर जावा, आणि ती हंगामात मुलींबरोबर कोपीवर जावीत, असे मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. काही हरवतील, काही भिजतील. तेवढी तूट आपण धरून चालू.

पुस्तक तिच्याबरोबर गेले आहे. नोंदवहीत परतीच्या तारखेपुढे मी ‘टोळी आल्यावर’ असे लिहिले.