लाल डोळा आणि ताठलेली कंबर

गोरेगावहून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुंबईचं गोरेगाव नव्हे बरं का, हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. त्या लिहितात, "वय ३१. धाकट्याच्या जन्मापासून कंबर धरते. पहाटे दुखण्यानेच जाग येते. उठल्यावर तासभर वाकता येत नाही, कामाला लागलं की मोकळं होतं. सासूबाई म्हणतात, बाळंतपणातली कंबर, शेक नीट घेतला नाहीस. ते असो. वर्षात तिसऱ्यांदा उजवा डोळा आलाय. चिपडं नाहीत, पण दुखतो, उजेड सोसत नाही. मेडिकलमधून थेंब आणते. घरात दुसऱ्या कुणाचे येत नाहीत, माझाच का?"

ताई, कंबरेचं तुम्ही "ते असो" म्हणून बाजूला सारलंत, पण उत्तर तिथेच असावं असं मला वाटतं.

साथीचे डोळे घरभर फिरतात, पापण्या चिकटतात, आठवड्याभरात बरे होतात. एकच डोळा, चिपडं नाहीत, आतून ठणका, उजेडाचा त्रास, दिसायला धूसर, ही लक्षणं डोळ्यातल्या रंगीत पडद्याच्या सुजेची असतात. डॉक्टर तिला युव्हायटिस म्हणतात. मणक्याच्या सुजेच्या संधिवातात, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये, साधारण चौघांतल्या एकाला ती कधी ना कधी होते. उपचार लांबले तर पडदा मागच्या भिंगाला चिकटतो, बाहुली वेडीवाकडी होते, पुढे काचबिंदू नाहीतर मोतीबिंदू.

तेव्हा आपलं हळदीचं फडकं, गुलाबपाणी, मध, यातलं काही नको. मागच्या वेळची उरलेली बाटलीही नको. तिच्यात स्टिरॉइड असलं आणि बुबुळावर विषाणूची जखम असली, तर डोळा हातचा जायचा. तेच स्टिरॉइडचे थेंब नेत्रतज्ज्ञांनी यंत्रावर डोळा तपासून दिले तर या सुजेवर गुणकारी असतात. पण जायचं त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. "बाजार झाल्यावर जाऊ" म्हणू नका.

आता कंबर. सगळ्याच कंबरदुख्यांना घाबरायचं कारण नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी केली, तेव्हा दुखणाऱ्यांत बहुतेकांचं दुखणं स्नायूंचं किंवा झिजेचं निघालं. ते विश्रांतीने थांबतं. सुजेचं दुखणं उलट, पडून राहिलं की वाढतं, हिंडलं-फिरलं की उतरतं, आणि बहुधा चाळिशीच्या आतच सुरू होतं. हा पुरुषांचा रोग अशी समजूत डॉक्टरांतही बरीच वर्षं होती. बायकांच्या एक्स-रेत बदल उशिरा दिसतात, त्यामुळे "गॅप आहे" नाहीतर "काही नाही" असं सांगून परत पाठवलेल्या किती जणी असतील! एमआरआयमध्ये सूज लवकर सापडते. एचएलए-बी२७ ही रक्ततपासणीही सांगतील. मात्र ती पॉझिटिव्ह असून आयुष्यभर काही न होणारे लोकच जास्त.

आणखी दोन गोष्टी आपण लाजून सांगत नाही. कोपरावर, डोक्यात पांढरे पापुद्रे सुटणारे चट्टे (सोरायसिस), आणि महिनोन् महिने जुलाब, शौचावाटे रक्त. प्रत्येक वेळी ती मूळव्याधच असते असं नाही. आतड्याला सूज असेल तर कंबरेसाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याच तिला चिथावू शकतात. म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांना कंबर सांगा, कंबरेच्या डॉक्टरांना डोळा आणि पोट सांगा. विचारलं नाही तरी सांगा. औषधांची इंजेक्शनं सुरू करायची ठरली, तर आधी क्षयाची तपासणी होते. त्यात अपमान मानू नका.

हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात आधी डोळा दाखवा. कंबरेसाठी पुढे नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येईल. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की जवळचं अक्षर दिसत नाही, ऊन सोसत नाही, एसटीची पाटीही धड वाचता येत नाही. तेव्हा कुणाला तरी सोबत न्या, आणि काळा चष्मा पिशवीत टाका.