‘एका मॅचवाला’ म्हणू नका

क्रिकेटच्या गप्पांमध्ये नागपूरच्या फैज फजलची ओळख एका ओळीत संपते: भारतासाठी एक वनडे. 15 जून 2016, हरारे. झिम्बाब्वे 123 धावांत आटोपली, मग फजल आणि के. एल. राहुल सलामीला आले आणि दोघेच सामना संपवून परतले. फजल नाबाद 55. त्यानंतर भारताची जर्सी त्याला पुन्हा कधीच मिळाली नाही.

मी वर्ध्याचा, नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. ऑफिसात विदर्भाच्या क्रिकेटचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “तो एका मॅचवाला ना?” मला हा हिशोबच मान्य नाही.

आमच्या धंद्यात एक जुना रोग आहे. जे मोजायला सोपं, तेच डॅशबोर्डवर लावायचं आणि मग तेवढंच खरं मानायचं. भारतीय क्रिकेटच्या डॅशबोर्डवर तो आकडा म्हणजे इंटरनॅशनल मॅचेस. बाकी सगळं शून्य.

मग बाकीचे आकडेही लावून बघू. 2003 मध्ये जम्मू-काश्मीरविरुद्ध प्रथम श्रेणीत पदार्पण, त्यातच 151 धावा. फेब्रुवारी 2024 मध्ये निवृत्ती. मधल्या वीस वर्षांत नऊ हजारांहून जास्त धावा आणि 24 शतकं. मार्च 2016 मध्ये इराणी कपात शेष भारताने मुंबईविरुद्ध 480 धावांचा पाठलाग केला, त्यात याच्या 127. आणि हा माणूस सलामीचा. म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळी, खेळपट्टीत ओल असताना, नवा चेंडू आधी यानेच खेळायचा.

आता 2017-18 चा मोसम. विदर्भ रणजी खेळायला लागला 1957-58 मध्ये. साठ वर्षांत एकही विजेतेपद नाही. मोठ्या संघांसाठी आपण म्हणजे सोपा पेपर. त्या मोसमात कॅप्टन फजलने 912 धावा केल्या आणि 1 जानेवारी 2018 ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भाने रणजी करंडक उचलला. एकट्याने जिंकलं असं कुणी म्हणत नाही. फायनलमध्ये रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक होती, अक्षय वाडकरचं शतक होतं, कोच चंद्रकांत पंडित होते. पण पुढच्याच मोसमात नागपूरला करंडक राखला, तेव्हाही कॅप्टन हाच.

यावर ठरलेलं उत्तर येतं: रोहित आणि धवन असताना याला कुठे खेळवणार? वयही तिशीपार. मान्य. सलामीच्या जागा दोन, दावेदार डझनभर, कुणीतरी बाहेर राहणारच. माझं भांडण निवड समितीशी नाही. जागा मिळाली नाही म्हणजे लायकी नव्हती, असं मानणाऱ्यांशी आहे. त्यात आपण सगळे आलो.

कारण हाच हिशोब आपण घरीही लावतो. पोरगा पुण्याला गेला की ‘सेटल’, अमेरिकेला गेला की ‘मोठा’. हिंगणघाटात वीस वर्षं मन लावून गणित शिकवणारा मास्तर, आर्वीत भर पावसात खांबावर चढणारा लाइनमन, हे मात्र ‘इथेच राहिले’. शिक्का बाहेरून आल्याशिवाय आपल्याला आपल्याच माणसाचं काम दिसत नाही. मग पोरं शिकतात काय? काम नंतर, शिक्का आधी.

विदर्भाने 2025 मध्ये तिसऱ्यांदा रणजी जिंकली. तेव्हा फजल संघात नव्हता, कॅप्टन वाडकर होता. इंदूरच्या फायनलमध्ये शतक ठोकणारा तोच वाडकर. टीम अशी बनते. एका पिढीने जिंकायची सवय लावायची, दुसरीने ती पुढे न्यायची. आयपीएलच्या रीलमध्ये हे मावत नाही.

वर्ध्याहून नागपूरला जाताना जामठ्याचं स्टेडियम लागतं. भारताची मॅच असली की तिकिटांसाठी आपण जिवाचं रान करतो. पुढच्या हिवाळ्यात तिथे रणजीचा सामना असेल, तेव्हा एक दिवस सकाळीच जाऊन बसा. सलामीवीर लंचपर्यंत कसा टिकतो ते बघा. मग सांगा, कोण किती मॅचचा.