चाल उसनी, शब्द कुणाचे?

ऐन दिवाळीत राक्षसाचे नाव काढले म्हणून वाचकांनी रागावू नये. नरकचतुर्दशीची पहाटच मुळी एका राक्षसाच्या नावाने उजाडते. मी आज भांडायला उभा राहिलो आहे तो मात्र बकासुराच्या वतीने.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात बकासुराचे ‘रॉक संगीत नाटक’ झाले. शाळा कृष्णाकाठची, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरची. नाव सांगत नाही. मला अजून तिथेच फळ्यापुढे उभे राहायचे आहे. कथा महाभारतातली, पण गाणी सगळी तयार, सिनेमातली. मोठमोठ्या स्पीकरांतून ती वाजणार आणि मुलांनी नुसते ओठ हलवायचे. बकासुर आला, शिट्ट्या पडल्या, इथवर ठीक. मग एकचक्रा नगरीतल्या त्या ब्राह्मणाच्या घरचा प्रसंग आला. राक्षसाला गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस पाठवायचा असतो, आणि आज पाळी या घराची. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, लेक म्हणते मी. तेवढ्यात बोबडे बोलणारे लहानगे पोर गवताची काडी उचलून म्हणते, हिनेच मी त्याला मारीन! रडता रडता घरातली माणसे हसतात. इतकी हळवी जागा महाभारतातसुद्धा फारशी सापडायची नाही.

तिथे आमच्या आईला, म्हणजे सातवीतल्या एका मुलीला, कोणते गाणे मिळाले? प्रियकर भेटीला आला नाही म्हणून झुरणाऱ्या नायिकेचे! गाणे सर्वांच्या ओळखीचे. अर्धा मांडव टाळ्यांचा ठेका धरून गाऊ लागला, पुढच्या रांगेतले पाहुणे हसले, आणि पोर भांबावून ओठ हलवीत राहिली. काडी कुणाला दिसलीच नाही.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी तक्रार केली. एक तरुण सहकारी म्हणाले, “सर, सांगलीच्या मातीत तुम्ही उसनवारीला नावे ठेवता?”

टोला वर्मी बसला, कारण खोटा नव्हता. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगण्यावरून. आणि त्यांना ती हौस वाटली ती कानड्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. म्हणजे मुहूर्तच उसना! पुढे १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ झाले, त्यातही साक्या, दिंड्या, लावणीच्या चाली, सारे लोकांच्या कानांतले. हरिपूरच्या देवलांनीही ती वाट सोडली नाही.

पण त्या जुन्या नाटकांची छापील प्रत उघडून पाहावी. पदाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत ‘चाल’ असे लिहून एखाद्या जुन्या गाण्याचा मुखडा दिलेला असतो. चाल कुठून आणली ते नाटककार उघड सांगतो, आणि खाली शब्द स्वतःचे घालतो. माझे सारे भांडण त्या दोन ओळींमधल्या जागेपुरते आहे. चाल ओळखीची असली की प्रेक्षकाला सुरामागे धावावे लागत नाही, त्याचे कान नव्या शब्दांना मोकळे राहतात. १८९९ च्या ‘शारदे’त म्हाताऱ्याशी लग्न ठरलेल्या मुलीची भीती घराघरांत पोचली ती अशी. चाल आणि शब्द दोन्ही ओळखीचे असले, तर ऐकायचे काय? मग माणूस ऐकत नाही, आठवतो.

इंग्रजांनाही हे ठाऊक होते. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे याने ‘बेगर्स ऑपेरा’त रस्त्यावरच्या चाली घेऊन त्यांत स्वतःचे शब्द भरले. (तीच कथा ब्रेख्टच्या हातून फिरत १९७८ साली पु. लं.च्या ‘तीन पैशाचा तमाशा’त आपल्याकडे आली.) सहकाऱ्यांनी यावर ‘रिटर्न टू द फॉरबिडन प्लॅनेट’ पुढे केले. शेक्सपिअरचे ‘टेम्पेस्ट’ आणि १९५६ चा एक राक्षसी चित्रपट यांची मोट बांधून त्यात जुनी रॉक गाणी घातलेली, आणि १९९० साली त्याला लंडनचे ऑलिव्हिए पारितोषिकही मिळालेले. मिळाले असेल. तो थट्टेचा खेळ आहे. गाणे प्रसंगाला विजोड बसते यातच त्याची गंमत. बकासुराची थट्टा करायची असेल तर खुशाल करा, मीही हसेन. पण मग त्या आईला रंगमंचावर आणू नका.

रॉकविषयी मात्र माझी हरकत होती ती मी मागे घेतो. राक्षसाला गोंगाट हवाच. भाव्यांच्या नाटकांतले राक्षस आरोळ्या ठोकीतच येत; पुढच्या शहाण्यांनी त्या खेळांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले, पण मागे बसलेले पोर त्या आरोळीने आईला बिलगत असणार. त्या आरोळीचे काम आज इलेक्ट्रिक गिटार करील, जोडीला आमच्याकडची हलगी असली म्हणजे झाले.

राक्षस कोण, हे मात्र शब्दच सांगतात. वाईला विराटनगरी म्हणतात, म्हणजे कीचक आमच्या शेजारचाच. सांगलीच्या खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ लिहिले, गद्य नाटक. लोकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. उसन्या गाण्यावर ओठ हलवून कुणाला कर्झन दाखवता येईल?

यंदा नाटक माझ्याकडे आले आहे. चाली मुलांनीच निवडल्या, सगळ्या सिनेमातल्या. मी तोंड उघडले नाही. शब्द मात्र त्यांनी लिहायचे असे ठरले. आईचे पद त्याच मुलीने लिहिले, ती आता आठवीत आहे. दुसऱ्या कडव्यात दोन मात्रा जास्त होतात. मी काढायला सांगितल्या, ती काढीत नाही. त्यात म्हणे पोराचे नाव येते. ठेवा म्हटले. सुट्टी संपली की तालमी सुरू होतील. रेड्यांची दोन सोंगे अजून मिळालेली नाहीत.