ओटा कुणाच्या उंचीचा?

मैत्रिणींनो, कोनाड्यातला तेलकट डाग पुसायला जावे आणि भिंतीचा पोपडाच हातात यावा, असे तुमच्याकडे कधी झाले आहे का? आमच्याकडे गेल्या वैशाखात झाले, आणि “आता एकदाचे हे स्वयंपाकघर नीट करून टाकू,” असे ठरले. ठरले म्हणजे मी ठरवले नि ह्यांनी मान डोलावली. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत.

घर पुण्याच्या नारायण पेठेतले, जुन्या वाड्यात, तळमजल्यावर. स्वयंपाकघर ९ फूट बाय ७. कोपऱ्यात मोरी, भिंतीत फडताळ, खिडकी एकच आणि तीही बोळाकडे. सासूबाई १९६८ साली या घरात आल्या तेव्हा येथे बसून स्वयंपाक चाले. पुढे गॅस आला आणि कडप्प्याचा ओटा झाला, तो २८ इंच उंचीचा. सासूबाई ४ फूट १० इंच. त्यांना तो बेताचा. मी ५ फूट ४. पंचवीस वर्षे त्या ओट्यापुढे मी प्रश्नचिन्हासारखी उभी राहिले आहे!

कंत्राटदार आला. “हल्ली सगळीकडे ३४ इंच करतात,” म्हणाला. मला तर आनंदच झाला. माप घेणे चालले असताना सासूबाई उठून ओसरीवर जाऊन बसल्या. रात्री पाने झाल्यावर हळूच विचारले, “मग माझा पोळपाट कुठे ठेवशील?”

त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. ३४ इंचांच्या ओट्यावर शेगडी ठेवली की तिची स्वतःची पाच-सहा इंच उंची त्यात मिळते. म्हणजे उकळत्या आमटीचे पातेले त्यांच्या छातीशी! आत डोकावायचे तर टाचा उंचवायच्या, तेही या वयात. माझी कंबर सुटावी म्हणून त्यांना त्यांच्याच स्वयंपाकघरातून मी न बोलता बाहेर काढीत होते.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आम्ही दोघी उभ्या राहिलो. तुम्हीही राहून पाहा. ताठ उभे राहून हात कोपरात वाकवावा. चिरण्या-निवडण्याचे काम कोपराखाली चार-पाच इंचांवर सुखाने होते. कणीक मळायला, पोळ्या लाटायला त्याहून खाली हवे, कारण तेथे अंगाचा रेटा द्यावा लागतो. तेव्हा ओटाच दोन पातळ्यांचा केला. खिडकीकडचे साडेपाच फूट २९ इंचांवर. तेथे शेगडी आणि पोळपाट. उरलेले साडेतीन फूट ३४ इंचांवर; तेथे सिंक, विळी-सुरी नि मी. कंत्राटदार म्हणाला, “बाई, दिसायला बरे नाही दिसणार.” न दिसेना का!

भिंतीच्या बाबतीत मात्र एका म्हाताऱ्या गवंड्याने वाचवले. भिंत चुन्यातली. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवायचा बेत होता. तो म्हणाला, जमिनीची ओल अशी भिंत पिते आणि चुन्यातून बाहेर टाकते. सिमेंटने वाट बंद केलीत, तर ती दुसरीकडून फुटेल. म्हणून आधी मोरीची गळती काढली, मग भिंत वाळू दिली, आणि नंतर पुन्हा चुनाच लावला. तीन आठवडे पडवीत स्वयंपाक केला. सांगायचे एवढेच, की आधी भिंत नि नळ, ट्रॉल्या मागाहून. आमच्या ओळखीत एकीने उलटे केले. भुशाच्या फळ्यांच्या ट्रॉल्या पहिल्या पावसाळ्यातच पुरीसारख्या फुगल्या. लाकूडकाम हवेच असेल तर आय. एस. ७१० छापाचे मरीन प्लाय मागावे. मोरीकडे मी तेही लावले नाही. उघड्या कप्प्यांत स्टीलच्या जाळ्या बसवल्या.

सिलिंडर उंच भागाखाली उभा ठेवला आहे. त्याला कंत्राटदार घट्ट दार बसवीत होता. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खालीच साचतो. म्हणून दाराला तळाशी जाळी घालून घेतली. हे विसरू नका.

ओट्याला ग्रॅनाइट घातला. कडप्पा हा चुनखडीचा दगड, लिंबू-कोकमाने त्यावर पांढरे डाग पडतात. आमच्या जुन्या दगडावर चाळीस वर्षांच्या सोलकढीचा नकाशाच होता. तो टाकायला निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, “फडताळात फळ्या होतील की त्याच्या.” झाल्या.

आता सकाळी त्या लाटतात, मी चिरते. मधला पाच इंचांचा चढ आमची हद्द! हिंगाच्या डबीची जागा तेवढी अजून ठरायची आहे. सकाळी ती माझ्या बाजूला असते आणि दुपारपर्यंत कशी कोण जाणे, खिडकीपाशी गेलेली असते.