कान सुजतो, पाळी मात्र सुजत नाही

गेल्या पंधरवड्यात एका भगिनीचे पत्र आले. ‘ज्वारीच्या काढणीत ह्यांचा उजवा कान लालबुंद झाला, हात लावू देईनात. गांधीलमाशी डसली असेल म्हणून हळद लावली, मग डॉक्टरांकडून इंजेक्शनही घेतले. आठ-दहा दिवसांत उतरले. दोन महिन्यांनी डावा कान तसाच. आता आवाज घोगरा झालाय, बांधावरून हाक मारली तर विहिरीपर्यंत पोचत नाही. ह्याचा कानाशी काही संबंध असेल का?’

ताई, असू शकेल. आपल्याला उत्तर लगेच टपालाने धाडले आहे. इतर घरांच्याही उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितो.

कान दुमडून सोडला की पुन्हा उभा राहतो, तो आतल्या कूर्चेमुळे. हाडाइतकी टणक नाही, मांसाइतकी मऊ नाही, अशी ही वस्तू नाकाच्या शेंड्यात, सांध्यांत आणि श्वासनळीच्या कड्यांतही असते. क्वचित एखाद्याच्या शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून ह्या कूर्चेवरच उलटते. १९२३ साली प्रागच्या याक्श-वार्टेनहोर्स्ट ह्या डॉक्टरांनी असा रोगी प्रथम नोंदवला. आज ह्या रोगाला रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस म्हणतात. नाव अवघड, पण अर्थ सरळ: ठिकठिकाणच्या कूर्चेला पुन्हापुन्हा येणारी सूज. हा रोग स्पर्शाने लागत नाही.

ओळखायची खूण घरच्या घरी पाहता येते. भिकबाळी घालतात तो कानाचा वरचा भाग लाल, गरम आणि दुखरा होतो. कुडी घालतो ती पाळी मात्र जशीच्या तशी राहते, कारण पाळीत कूर्चा नसते. माशी डसली किंवा जंतू शिरले तर पाळीही बहुधा सुजते. कुष्ठरोगात पाळी जाड होते, पण ती सहसा अशी ठणकत नाही. नाकाचा दांडा दुखून पुढे खोगिरासारखा खचणे, डोळे लाल होणे, सांधे धरणे, ऐकू कमी येणे किंवा चक्कर येणे, हीही लक्षणे असतात. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाला त्याबरोबर सतत ताप आणि रक्त कमी असेल तर २०२० साली सापडलेला एक जनुकीय विकारही तपासतात.

खरी भीती श्वासनळीची. आवाज बसला, गळ्याची घाटी दाबल्यावर दुखू लागली की थांबू नये. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला तर त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठावे. दम्याचे औषध देऊन वाट पाहण्यात माणूस हातचा जातो.

ह्या रोगाची अशी एकच रक्ततपासणी नाही. लक्षणे, सीटी स्कॅन आणि कधी कूर्चेचा तुकडा तपासून निदान होते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात जावे, संधिवाताच्या डॉक्टरांचीही गाठ घ्यावी. सूज आटोक्यात आणायला बहुधा स्टिरॉइड देतात, गरजेप्रमाणे मेथोट्रेक्सेटसारखी औषधे जोडतात. त्याआधी क्षयाची तपासणी करून घ्यावी. बरे वाटले म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करणे धोक्याचे, आणि दुकानातून आपल्या मनाने आणून खाणे त्याहून वाईट. साखर, रक्तदाब तपासत राहावे. बिडी आणि तंबाखू सोडावीच. पुढे कधी हर्नियाचे का होईना, ऑपरेशन ठरले तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा रोग आधी सांगावा. नळी घालताना त्यांना जपावे लागते.

आणि ताई, पुढच्या खेपेला कान सुजला की त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तालुक्याहून जिल्ह्याला पोचेपर्यंत सूज उतरलेली असते, आणि डॉक्टरांना दाखवायला हाती काही उरत नाही.