कोणाच्या घराला वारसा म्हणावे?

वांद्रे पश्चिमेला रणवार, चिंबई, पाली या जुन्या पाखाड्यांतून चालताना वाटेच्या वळणावर क्रूस उभे दिसतात. त्यांपैकी अनेक 1896 च्या प्लेगच्या काळात, साथीपासून रक्षण व्हावे म्हणून, उभारले गेले. त्याच साथीने मुंबईला आणखी एक वास्तुप्रकार दिला. दाट व कोंदट वस्त्यांत रोग बळावतो हे ध्यानी आल्यावर सरकारने 1898 मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टने वस्त्या पाडल्या, रस्ते काढले आणि कष्टकऱ्यांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुमारे दोन दशके संसार केला आणि अभ्यासही केला. क्रूस आणि चाळ ही एकाच संकटाची अपत्ये आहेत. क्रूसाला वारसा म्हणताना आज कोणी अडखळत नाही. बाबासाहेबांचे पाय जिला लागले नाहीत अशा चाळीला मात्र तो शब्द लावताना आपलीही जीभ अडखळते.

1995 हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली आणि ऐतिहासिक वास्तूंना श्रेणीनुसार संरक्षण मिळाले. एकोणिसाव्या शतकातील कौलारू वांद्रे स्थानक, 1640 मध्ये पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला यांसारख्या वास्तूंचे महत्त्व शहराने मान्य केले, हे योग्यच झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणही अस्तित्वात आले. एका नियमाने ‘जपा’ म्हटले, दुसऱ्याने ‘पाडा आणि बांधा’. या प्राधिकरणाचे आणि म्हाडाचे, दोघांचेही मुख्यालय वांद्रे पूर्वेला आहे. मुंबईतील असंख्य कष्टकरी कुटुंबांच्या घरांचे नकाशे तेथील टेबलांवरून पुढे सरकतात. ज्यांची घरे जपायची आणि ज्यांची पाडायची, त्यांच्यातील सामाजिक अंतर आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

याचा अर्थ चाळी जशाच्या तशा राखाव्यात, असा आम्ही करीत नाही. 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे उभ्या राहिलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली 160 चौरस फुटांची. शौचालय सामाईक. तिथे तीन पिढ्या एकत्र राहिल्या. त्या कुटुंबाला 500 चौरस फुटांचे स्वतःचे घर मिळत असेल, तर त्याला जुन्या लाकडी कठड्याचे सौंदर्य समजावून सांगणे हा निव्वळ उद्धटपणा ठरेल. दारिद्र्य हा वारसा नव्हे. त्यातून माणसांनी जे उभे केले, तो वारसा होय.

आणि ते उभे राहिले सामाईक जागेत. चाळीच्या गॅलरीत मुलांनी दिव्याखाली अभ्यास केला. पटांगणात जयंतीच्या सभा झाल्या, जलशांना माणसे जमली. ओट्यावर संपाची आणि मोर्चाची बोलणी झाली. घर लहान होते म्हणून माणूस बाहेर आला, आणि बाहेर आला म्हणून संघटित झाला. पुनर्विकासाच्या हिशेबात खोलीच्या बदल्यात सदनिका मिळते. या गॅलरीच्या बदल्यात काय मिळते, याचा रकाना कोठे आहे? पुनर्वसनाच्या अनेक इमारती इतक्या खेटून बांधल्या जातात की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. प्लेगने शिकवलेला उजेड-वाऱ्याचा धडा शहर सव्वाशे वर्षांत विसरले, असेच म्हणावे लागते.

म्हणून नगराच्या पुनरुज्जीवनाची आमची कसोटी साधी आहे. जुना रहिवासी नव्या इमारतीत दहा वर्षांनंतरही राहू शकतो का? देखभालीचा खर्च त्याला पेलतो का? मुलांना वाचायला आणि चारचौघांना बसायला सामाईक जागा उरली आहे का? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर उंच इमारत उभी राहिली तरी वस्ती उठलीच, असे समजावे.

या कामी आपल्या माजी विद्यार्थ्यांचा मोठा उपयोग होऊ शकतो. निवासी शाळेत वाढलेल्यांना सामाईक जागेचे मोल पुस्तकातून शिकावे लागत नाही. एका पंगतीत जेवून आणि एका दिव्याखाली वाचून ते अंगी मुरलेले असते. आपल्यापैकी जे अभियंते, वास्तुविशारद वा वकील झाले आहेत, त्यांनी वस्तीच्या सभेत बसावे आणि नकाशा व करारनामा साध्या मराठीत समजावून द्यावा. अभ्यासिका आणि सभागृह तोंडी आश्वासनात न राहता मंजूर नकाशात आहेत की नाहीत, हे तपासावे. चाळ पाडली जाण्यापूर्वी तिची मोजमापे, छायाचित्रे आणि वृद्धांच्या आठवणी नोंदवून ठेवाव्यात. क्रूस जपणाऱ्यांनी तो आपला मानला म्हणून तो टिकला. आपल्या आजी-आजोबांची चाळ आपणच इतिहासात नोंदवली नाही, तर ती दुसऱ्या कोणी नोंदवावी?